नेलपॉलिशचा ठिपका

“दादा, शपथ घेतो, मी डिस्ट्रिब्युटरला हात लावला नाही!”

“मग काय उंदरानं फिरवला?”

गॅरेजच्या पत्र्याआडून मिस्त्रीच्या बायकोनं हे भांडण ऐकलं. डिस्ट्रिब्युटर फिरल्यानं शर्यतीच्या गाडीचं टायमिंग, म्हणजे इंजिनात ठिणगी पडायची वेळ, सरकलं होतं, आणि मिस्त्रीचा संशय सख्ख्या धाकट्या भावावर.

तेव्हापासून टायमिंग बसवून, उभ्या गाडीच्या इंजिनाचे फेरे मिनिटाला नऊशेवर आणले, की मिस्त्री डिस्ट्रिब्युटर आणि इंजिनच्या सांध्यावर बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. कुणी फिरवलं तर ठिपका तुटणार. वीस वर्षांत तो तुटला नाही, तरी स्वारीच्या डोक्यातला किडा जाईना. धाकट्यानं तोच रंग आणला तर? म्हणून दर महिन्याला नवा रंग, बाटली रोज खिशातून घरी, आणि बायकोची नखं बिचारी इंजिनामागे फरफटत.

अखेर धाकटा म्हणाला, “वहिनी, मी एवढा चोर असेन तर वेगळा होतो.”

“अहो, वयानं हात तुमचे थरथरतात, आणि त्यालाच घालवता?” ती नवऱ्यावर कडाडली.

दुसऱ्या दिवशी गॅरेज धाकट्यावर सोपवायचं ठरवून मिस्त्री नवी बाटली घेऊन शेवटचा कामावर गेला. टायमिंग लाइट धरून उभा राहिला आणि सगळं धाकट्याला बसवू दिलं. मग थरथरत्या हातानं ठिपका दिला. “आता तुझ्यावर कोण आळ घेतो बघू!”

बाटली मात्र नेहमीसारखी खिशात घालून घरी आणली.