न वापरलेल्या पट्टीला पॉलिश

नोकरीत तपासलेल्या बऱ्याच गुन्ह्यांतले चेहरे आता पुसट झाले आहेत. पण दोन्ही काखांत कुबड्या घेऊन ठाण्याच्या पायऱ्या चढणारी ती बाई अजूनही जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते.

तेव्हा मी नाशिक शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. बाई नांदगावकडच्या एका खेड्यातली, तिशीच्या आसपासची. पायमशीनवर गावातल्या बायकांचे कपडे शिवायची. दुचाकीवरून पडून तिच्या मांडीचे हाड मोडले, म्हणून नवऱ्याने तिला आमच्या हद्दीतल्या एका खासगी रुग्णालयात आणले. तिथे हाडाला धातूची पट्टी बसवली. काही महिन्यांतच ती पट्टी आतल्या आत तुटली. पुन्हा शस्त्रक्रिया झाली, पाय आखूड झाला. रुग्णालयाने हात झटकले : पेशंटने ऐकले नाही, लवकर पाय टेकवला.

ठाणे अंमलदाराने अर्ज वाचला आणि सांगितले, "ताई, हे ग्राहक आयोगाचं काम आहे. इथे काही होणार नाही." तो अगदीच चुकीचे बोलत नव्हता. पण बाई हलेना. मी तिला आत बोलावून बसवले.

"साहेब, कुणाला जेलात घाला असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "घरात सगळे म्हणतात, मी मशीनवर बसले म्हणून पट्टी मोडली. सासूबाई तर गावभर सांगतात, हिनं स्वतःच्या हातानं पाय घालवला. मी मशीनवर चादर टाकून ठेवली होती. एक टाका घातला नाही. मी पाय टेकवला नव्हता, एवढं कुणीतरी तपासा."

मी चिवट माणूस आहे. घरी याला हट्टी म्हणतात. तिचे ते "एवढं कुणीतरी तपासा" माझ्या डोक्यात बसले. मी विचारले, "काढलेली पट्टी कुठे आहे?" अशा प्रकरणात ती रुग्णालयाच्या कचऱ्यात गेलेली असते आणि तिच्याबरोबर केसही जाते.

"घरी आहे," बाई म्हणाली. "लिंबाला टांगलीय."

दुसऱ्या दिवशी पंच घेऊन आम्ही गावात गेलो. गोठ्याशेजारच्या कडुलिंबाच्या फांदीला पांढऱ्या फडक्याची पुरचुंडी बांधलेली होती. रुग्णालयाने पट्टीचे तुकडे नवऱ्याच्या हातात दिले होते आणि पुढचा बंदोबस्त सासूबाईंनी केला होता.

"हाडात राह्यलेलं ते हाडच ना, सायेब?" म्हातारी म्हणाली. "कचऱ्यात कशी टाकू? अस्थी घरात आणत नाय आमच्याकडं, भायेर झाडालाच बांधत्यात. अन् गंगेत सोडावी, तर सून जिती हाय. जित्या माणसाच्या अस्थी कुठं सोडत्यात का?"

माझे हवालदार गालातल्या गालात हसले. मला मात्र हसू आले नाही. एखाद्या शिकल्यासवरल्या घराने ते तुकडे कधीच फेकून दिले असते. पंचांसमक्ष आम्ही पुरचुंडी उतरवली, पंचनामा केला, मुद्देमाल लाखेने सील केला. म्हातारी सगळे बघत होती. शेवटी तिने विचारले, "मशीनवर बसल्यानं मोडली का नाय, ते कळंल का त्यातनं?"

"कळेल," मी म्हणालो.

"मग न्या. माजं खरं का तिचं खरं, एकदा होऊन जाऊ द्या."

तुकडे प्रयोगशाळेकडे रवाना झाले. अहवालाची वाट पाहत हातावर हात धरून बसणे माझ्या स्वभावात नव्हते. माझ्या खबऱ्यांना मी कामाला लावले. त्यांतला एक रिक्षा चालवायचा. एका सकाळी तो ठाण्यासमोरच्या चहाच्या टपरीवर भेटला. म्हणाला, "साहेब, एमआयडीसीत एक बफिंगवाला आहे. नळाच्या तोट्या चकाचक करून देतो. हल्ली त्याच्याकडे भोकं असलेल्या पट्ट्या पण येतात. कधी कधी त्यांना वाळलेलं रक्त असतं म्हणे."

तेव्हाच निघावेसे वाटले, हे कबूल करतो. पण लगेच जाऊन धाड टाकली नाही. शरीरात बसवायच्या अशा वस्तू कायद्याने औषधांतच मोडतात, त्यामुळे औषध निरीक्षकांना बरोबर घेतले. अशा वेळी एकट्या पोलिसाने उत्साह दाखवला की कोर्टात आरोपीचा वकील त्याचे वाभाडे काढतो. बफिंगच्या गाळ्यात आम्हाला एक गोणी सापडली. तिच्यात पट्ट्या, सळया, स्क्रू असा खच होता. गाळेवाल्याने लगेच सांगितले की माल एका वितरकाचा आहे. हा वितरक त्या रुग्णालयाला शस्त्रक्रियेचे साहित्य पुरवत होता.

वितरक कडक इस्त्रीच्या शर्टात आला. अतिशय नम्र. त्याने मला आपला धंदा समजावून सांगितला. कोणत्या मापाची पट्टी लागेल हे डॉक्टरांना शस्त्रक्रिया सुरू झाल्यावरच नक्की कळते. म्हणून तो सगळ्या मापांचा अख्खा बॉक्स रुग्णालयात पाठवतो. जी पट्टी बसेल तिचे बिल होते, उरलेल्या परत येतात. परत आलेल्या मालाला धंद्यात 'रिटर्न' म्हणतात.

"त्या गोणीत सगळा रिटर्न माल आहे साहेब," तो म्हणाला. कितीही फिरवून विचारले तरी उत्तर तेच. ताकास तूर लागू देत नव्हता.

माणूस मोठे खोटे नीट सांभाळतो, पण आपल्या टापटिपीचे कौतुक करायची संधी मिळाली की सैल होतो. मी चहा मागवला, आवाज खाली आणला.

"तुमचं काम व्यवस्थित दिसतं. रिटर्न माल आला की काय करता?"

"धुतो, पॉलिश करतो, परत बॉक्समध्ये लावतो. आमच्या मालावर कधी डाग दिसणार नाही तुम्हाला."

"रिटर्न म्हणजे न वापरलेला?"

"अर्थात."

"कुणाच्या अंगाला न लागलेला?"

"हो साहेब."

"मग न वापरलेल्या पट्टीला पॉलिश कशाला लागतं?"

त्याने कप तोंडाला लावला आणि न पिताच खाली ठेवला. मी पुढे काहीच विचारले नाही. अशा वेळी तपास अधिकाऱ्याने गप्प राहायचे असते, आणि ते फार अवघड असते.

थोड्या वेळाने तो बोलायला लागला. हाड जुळल्यावर रुग्णांच्या अंगातून काढलेल्या पट्ट्या तो काही रुग्णालयांतल्या शस्त्रक्रियागृहाच्या कर्मचाऱ्यांकडून घ्यायचा, चकाकवून आणायचा आणि नव्यांच्या बॉक्समध्ये मिसळायचा. प्रयोगशाळेच्या अहवालाने त्यावर शिक्का मारला. तुटलेल्या पट्टीच्या भोकांभोवती पॉलिशखाली जुन्या स्क्रूचे घासे होते आणि धातूला आधीच तडा गेलेला होता. वाकवून सरळ केलेली तार पुन्हा वाकवली की तुटते, तसेच ते झाले होते. ती पट्टी आधी कुणा दुसऱ्याच्या हाडात राहून आली होती.

वितरक आणि ते कर्मचारी यांच्यावर दोषारोपपत्र दाखल झाले. बाईच्या नवऱ्याला मात्र डॉक्टरच्या हातात बेड्या हव्या होत्या. मी नाही म्हणालो. डॉक्टरवर निष्काळजीपणाचा गुन्हा लावण्याआधी तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीचे मत घ्यावे लागते. ते आम्ही घेतले होते आणि शस्त्रक्रियेत चूक नसल्याचे समितीने कळवले होते. पण रुग्णालयाने नव्या पट्टीचे बिल लावले होते आणि कंपनी आणि बॅच नंबर छापलेले तिच्या पाकिटावरचे स्टिकर त्यांना दाखवता आले नव्हते. तो मुद्दा फौजदारीत नव्हे, ग्राहक आयोगात चालणार होता.

मी बाईला सरळ सांगितले, "माझ्या केसमधून त्यांना शिक्षा होईल, तुझ्या उपचाराचा खर्च निघणार नाही. त्यासाठी वितरक आणि रुग्णालय, दोघांविरुद्ध ग्राहक आयोगात वेगळी तक्रार कर. दोन वर्षांची मुदत असते. इकडच्या निकालासाठी थांबू नकोस." विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला फुकट वकीलबाई मिळाल्या. चांगल्या मिळाल्या.

या केसने मला एक गोष्ट शिकवली आणि भेटेल त्याला मी ती सांगतो. शरीरातून काढलेली वस्तू मागून घ्या, जपून ठेवा, बसवलेल्या वस्तूच्या पाकिटावरचे स्टिकर मागा. आणि चूक पेशंटची आहे असे कुणी ठामपणे सांगितले, तर ते कशावरून हे विचारा. यंत्र, औषध, माल यांची तपासणी करायला कष्ट पडतात. माणसावर खापर फोडायला काहीच लागत नाही, आणि त्यातून घरातली सून असेल तर मुळीच नाही. याचा मला आजही संताप येतो.

आयोगाचा निकाल लागला तेव्हा मी निवृत्त झालो होतो, तरी गेलो. बाहेरच्या व्हरांड्यात वकीलबाई भरपाईची रक्कम समजावून सांगत होत्या. नवरा लक्ष देऊन ऐकत होता. बाईने मध्येच विचारले, "मॅडम, मी पाय टेकवला नव्हता, असं लिहिलंय का त्यात?"

वकीलबाईंनी पाने उलटून एका ओळीवर बोट ठेवले. बाईने ती ओळ मनातल्या मनात वाचली आणि आदेश नवऱ्यापुढे धरला. "आईंना फोन लावा. हे वाचून दाखवा."

त्याने फोन स्पीकरवर ठेवला आणि तिथेच उभ्याने वाचले, "तक्रारदाराने वैद्यकीय सूचनांचे उल्लंघन केल्याचे सिद्ध होत नाही. पट्टी सदोष होती. तक्रारदाराचा कोणताही दोष नाही."

फोन कटला असे वाटून तो बघायला लागला, तेवढ्यात म्हातारी बोलली.

"परत वाच. दमानं वाच."