यादीत नसलेला टोला

करीमभाई गेल्याचा निरोप अहेरीच्या बाजारात मिळाला. मी वांगी निवडत होतो. त्यांच्या मोहल्ल्यातला शिंपी गर्दीतून धावत आला. "भाऊ, मुनशीजी नाई राह्यले." वांगी तशीच टाकून निघालो... पोचेपर्यंत जनाजा उठला होता. शेवटचं तोंड पाहणंही नशिबात नव्हतं. त्याला महिना झाला, तरी कचेरीत तेलुगू कागद आला की माझी मान अजून त्यांच्या टेबलाकडे वळते.

जमीनदारी गेली, जंगल सरकारजमा झालं, तेव्हापासून आम्ही कचेरीत एका खोलीत बसायचो. जमीनदाराच्या वह्या कुठे मोडीत, कुठे तेलुगूत. नांगराला, घराला कोणी किती लाकूड न्यायचं, ते त्यांत घरागणिक लिहिलेलं. नवा फॉर्म छापील. त्यात नुसती गावं, आणि गावांची यादीही वरून आलेली. जुनं नव्यात बसवायचं काम करीमभाईंचं, तपासून सही करायचं माझं. ते एका नावासाठी दोन कोस पायी जाऊन खात्री करून येत. मी चिडवायचो, "वाघालाही विचारून आलात का?"

"विचारलं, भाऊ. तो म्हणते, माहा हक्क पयल्यापासून आहे."

फॉर्म वर गेले, त्यांवरून नवी नोंदवही झाली. पुढच्या हंगामात सात घरांच्या एका टोल्यावरचा, म्हणजे लहानशा पाड्यावरचा, चिन्ना मडावी कचेरीच्या पायरीवर येऊन बसला. नांगरासाठी तोडलेलं लाकूड नाक्यावर जप्त झालं होतं, वर चोरीचा ठपका. "मुनशीजी, आमचं गाव कुठी गेलं? आमी त इथीच आहो."

करीमभाईंनी नवी नोंदवही उघडली, मग जुनी. टोला जुनीत होता, नवीत नव्हता. त्यांचा चेहरा उतरला. "चिन्ना, चूक माही आहे," ते म्हणाले. मी समोर बसून पेन्सिलीला टोक करत राहिलो.

त्या वर्षी चिन्नाची पेरणी बुडाली. करीमभाईंनी दुरुस्तीचा अर्ज केला. उत्तर आलं, नोंद अंतिम आहे. दर वर्षी अर्ज, दर वर्षी तेच उत्तर. वर हलगर्जीपणाचा शेरा बसला, बढती हुकली. मी म्हणायचो, "दगडावर डोकं आपटून काय मिळणार?"

"टोल्यातले लोक चोर होऊन राह्यले, भाऊ. मले झोप नाई येत."

माणूस डोळ्यांदेखत झिजत गेला. मला त्यांची फार आठवण येते, आणि आठवणीबरोबर लाजही वाटते. कारण फॉर्म भरताना त्यांनी मला विचारलं होतं, "भाऊ, हा टोला छापील यादीत नाई. कुठी लिहू?" दुसऱ्या दिवशी सगळे फॉर्म वर पाठवायचे होते. मी म्हणालो, "सोडून द्या हो. सात घरांचं कोण विचारतंय!" एकाही अर्जात त्यांनी माझं नाव घेतलं नाही.

परवा भाभींनी बोलावून एक कागद हातात दिला. यंदाचा अर्ज. तेच गोल अक्षर, तेच वाक्य... 'सदर टोला माझ्या हातून राहून गेला.' खाली सहीची जागा मोकळी होती.

सकाळपर्यंत थांबलो नाही. त्यांच्याच ओसरीवर बसून अर्ज स्वच्छ उतरवला. त्या वाक्याशी आल्यावर 'माझ्या सांगण्यावरून गाळला' असं लिहिलं आणि खाली सही केली.