एक पाय पायरीवर

तीस वर्षं मी नांदेडच्या एका शाळेत भूगोल शिकवला. दरवर्षी फळ्यावर खडूने बालाघाटची रांग काढायची, मुलांकडून ती वहीत उतरवून घ्यायची आणि ती कुठून कुठे जाते हे छडी न घेता पाठ करून घ्यायचं, एवढं माझं डोंगराशी नातं. त्या रांगेवर प्रत्यक्ष पाय ठेवायची वेळ आली ती निवृत्तीनंतर, आणि तीही माझ्या हौसेने नव्हे, बायकोच्या गुडघ्यामुळे.

डॉक्टरांनी तिचा एक्सरे उजेडाला धरला आणि म्हणाले, "चालतोय तोवर चालवा. पुढे ऑपरेशन आहेच." दुसरी कुणी असती तर घरी येऊन तेल गरम केलं असतं. हिने चहा ठेवता ठेवता जाहीर केलं की गुडघा जायच्या आत एकदा तरी एखादा डोंगर पुरता चढायचा आणि पलीकडे काय दिसतं ते बघायचं. ती आमच्याच भागातल्या मुरुडच्या दुकानदाराच्या घरातली. लहानपणी दुकानाच्या ओट्यावर बसलं की समोरच्या दुकानाचा ओटा दिसायचा, आणि लग्नानंतर आमच्या गॅलरीतून समोरची गॅलरी. हे मला तिने त्या दिवशी सांगितलं. तोपर्यंत मी विचारलं नव्हतं.

डोंगर शोधायची जबाबदारी अर्थातच भूगोलाच्या मास्तरांवर आली. लोह्यापासून आतल्या बाजूला एक टेकडी आहे. पायथ्याशी उद्यान केलंय, फाटक आहे, वर जायला आखलेली पायवाट आहे आणि मधे मधे सिमेंटची बाकडी आहेत. गाडीवाले लोक रविवारी तिथे येतात. फाटकापाशी उतरतात, डोंगर पाठीशी घेऊन फोटो काढतात, निसर्गाचं वेड लागल्याचं सगळ्यांना कळवतात आणि काचा वर करून जेवायला ढाब्यावर जातात. आमच्याकडे गाडी नाही, त्यामुळे आम्हाला डोंगर चढण्यावाचून पर्याय नव्हता.

नांदेडहून लोहा, आणि लोह्याहून आत जाणारी बस. ती साडेदहाला आम्हाला फाटकाशी सोडणार, पुढे शेवटच्या गावाला जाणार आणि पावणेतीनला परत त्याच वाटेने येणार. त्यानंतर काही नाही. म्हणजे हातात सव्वाचार तास. हिच्या गुडघ्याच्या चालीने चढायला दोन आणि उतरायला दीड धरला तरी वेळ उरतो. इतकं सोपं गणित होतं, आणि मी ते तीन वेळा चुकवलं.

पहिल्या खेपेला बसमध्ये शेजारच्या सीटवरच्या म्हातारीने विचारलं, "वर कोन देव हाय?"

"देव नाही, मावशी."

"मग?"

"डोंगर चढायचाय."

तिने माझे नवे कोरे बूट पाहिले, मग माझ्या बायकोकडे वळून हळूच म्हणाली, "रिटायर झाल्यावर आमच्या ह्यांचं बी असंच झालं होतं. सहा महिन्यांत उतरलं बगा."

तर मी तीन वेळा काय केलं ते सांगतो. मी घंटेचा माणूस. शाळेत घंटा झाली की झाली. मागून पळत येणारा कलेक्टरचा मुलगा का असेना, फाटक बंद. त्यामुळे पावणेतीनची गाडी असेल तर सव्वाला खाली फाटकासमोरच्या बसच्या शेडमध्ये हजर असणं हे मी किमान सभ्यपणाचं लक्षण समजत असे. गाडी वेळेआधी आली तर? आजवर एकदाही आलेली नव्हती, पण माणसाची तयारी असावी. पहिल्या खेपेला आम्ही तिसऱ्या बाकड्यावरून परतलो. दुसऱ्या खेपेला अर्ध्या वाटेवरच्या पाण्याच्या टाकीपासून. तिसऱ्या खेपेला माथा समोर दिसत होता, ती म्हणाली, "अहो, अर्धाच तास." मी घड्याळ दाखवलं आणि म्हणालो, "गाडी चुकेल." ती वळली. खाली येऊन आम्ही दीड तास शेडमध्ये समोरासमोर बसलो. धपाटे संपले, दही संपलं, बोलणंही संपलं. शेवटी तिने विचारलं, "आपण इथं डोंगर चढायला येतो की शेड राखायला?" मी पेपर उघडला.

आता गाडी धरून ठेवणाऱ्यांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडलं. आमच्या भागात हा एक प्रकार आहे. बस थांबते, एक माणूस येतो, एक पाय पायरीवर ठेवतो, दुसरा जमिनीवर, आणि कंडक्टरला सांगतो, "दम धरा, मामा, आमचं माणूस यायलंय." माणूस कुठेही दिसत नसतं. कंडक्टर ओरडतो, ड्रायव्हर गुरगुरतो, पण जमिनीवर पाय असलेल्या माणसाला घेऊन गाडी हलवता येत नाही. मग पाच मिनिटांनी झाडाआडून एक बाई, दोन पोरं, एक पोतं आणि पोत्यात जिवंत काहीतरी असं ते 'माणूस' प्रकट होतं. मला याची मनस्वी चीड. मी आयुष्यात कधी अशी गाडी धरली नाही. हिच्या भाचीच्या लग्नाला मुरुडला निघालो होतो, तेव्हा ही स्टँडवर नळावर बाटली भरत होती आणि गाडी सुटली. मी दारातच उभा होतो. ड्रायव्हरला एक शब्द बोललो असतो तर भागलं असतं. मी बोललो नाही. नियम तो नियम म्हणून शांतपणे खाली उतरलो. अक्षता चुकल्या. ही त्यावर कधी भांडली नाही, आणि मी इतका शहाणा की ते तिला पटलं असंच समजलो.

तिसऱ्या खेपेला परतताना पुढच्या वस्तीवर एका शेतकऱ्याने असाच पाय ठेवला. मी उठून त्याला सुनावलं, "वेळेला काही किंमत आहे की नाही? तुमच्या एकट्यासाठी निघालीय का गाडी?"

तो शांतपणे म्हणाला, "एकट्यासाठी न्हाई, सर. दोघांसाठी." आणि सगळी बस हसली.

चौथ्या खेपेला हिचा गुडघा सुजलेला होता. मी म्हणालो, राहू दे. ती म्हणाली, आज नाही तर मग नाहीच. पट्टा बांधून निघाली. टाकीच्या वर, जिथून माथा दिसतो तिथे, मी सवयीने घड्याळाकडे पाहिलं. तिने माझ्या हातावर हात ठेवून घड्याळ झाकलं.

"तुम्ही खाली जा," ती म्हणाली. "गाडी धरा. मी येते."

"धरा म्हणजे?"

"सगळे धरतात तशी."

आणि ती चालायला लागली. मागे वळूनही पाहिलं नाही. मी शिस्तीत खाली आलो, सवयीप्रमाणे शेडमध्ये बसलो, आणि पहिल्यांदाच गाडी उशिरा यावी असं मनापासून वाटलं. गाडी त्या दिवशी पावणेतीनच्या ठोक्याला आली. तीस वर्षं वक्तशीरपणावर भाषणं दिली त्याचं हे बक्षीस.

मी दारापाशी गेलो. पाय उचलला. इतका जड पाय मी कुठल्याच चढावर उचलला नव्हता. पायरीवर ठेवला आणि म्हणालो, "जरा थांबता का? आमचं माणूस यायलंय."

"कुठं हाय?" कंडक्टरने विचारलं.

मी टेकडीकडे बोट केलं. पहिल्या बाकड्याच्या वरच्या वळणावर एक हिरवा ठिपका हळूहळू उतरत होता. सगळी बस खिडक्यांशी गोळा झाली.

"सर, ते तर डोंगरावरच हाय अजून! ह्या बाकीच्यांनी काय पाप केलंय?"

दाराजवळच्या सीटवर तो शेतकरी बसलेला होता. शेवटच्या गावाहून येत होता. मला ओळखून त्याचा चेहरा असा फुलला की लॉटरी लागल्यावरही फुलला नसता. आता हा मला वेळेची किंमत विचारणार म्हणून मी मान खाली घातली. तो उठला, माझ्याकडे वाकला आणि म्हणाला, "सर, टाचा उचलायलाव तुमी. असं न्हाई. खालचा पाय पक्का रोवा. दोनी पाय वर आले की गाडी सुटती."

मी रोवला. निवृत्तीनंतर मला कुणी काही शिकवलं ते हे. मग तो कंडक्टरकडे वळला, "मामा, बाई लंगडत यायलीय, बगा की. पळंल का ती?" ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि बाटली घेऊन फाटकाजवळच्या नळाकडे गेला. मागून एका बाईचा आवाज आला, "यिऊ द्या हो सावकाश. लोहा काय पळून जायलंय का?"

इतक्यात हिने वरून गाडी पाहिली आणि घाई करायला लागली. त्या उतारावर, त्या गुडघ्याने. ती पडली तर ती माझ्यामुळे पडेल, ह्या एका गाडीमुळे नाही, तर इतक्या वर्षांच्या 'गाडी चुकेल'मुळे, हे मला लख्ख कळलं. मी वर्गात ओरडायचो त्याच्या दुप्पट आवाजात ओरडलो, "सावकाश ये! गाडी आहे! मी धरलीय!"

ती थांबली. तिने साडीचा काठ नीट केला आणि एकेक पाऊल टाकत आली. पोचायला तिला बारा मिनिटं लागली. मी घड्याळ पाहिलं नव्हतं. कंडक्टरने पाहिलं होतं आणि त्याने ते लोह्यापर्यंत चार वेळा सांगितलं.

शेतकऱ्याने तिला आपली जागा दिली. तिच्या कपाळावर घाम होता, साडीला कुसळं चिकटली होती आणि चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा होता. लग्नातसुद्धा नव्हता. मी शेजारी दांडीला धरून उभा होतो. बरंच अंतर गेल्यावर विचारलं, "काय दिसलं पलीकडे?"

"सांगणार नाही."

"असं काय करतेस?"

"पुढच्या वेळी तुम्ही वर जा." ती दुखरा गुडघा चोळत होती. "माझं चढून झालं. मी खाली थांबते, गाडी धरते."

"या गुडघ्याने?"

"पायरीवर एक पाय ठेवायला कितीसा गुडघा लागतो?" ती म्हणाली. "तुम्ही सावकाश या."