हळूबाईंची खोली

आमच्या शाळेतल्या वाचनालयाच्या बाई कधी कुणावर ओरडल्याचं मी ऐकलं नाही. एखादं मूल गच्च भरलेल्या कपाटातून पुस्तक ओढायला लागलं की त्या जागेवरूनच म्हणायच्या, "हळू." जिन्यावरून पोरं धडधडत आली तरी "हळू." मुख्याध्यापक सर घाईघाईनं काही सांगू लागले तर त्यांनाही त्याच आवाजात "हळू, सर" म्हणायच्या, आणि सरही नकळत हळू बोलायला लागायचे. पोरांनी त्यांचं नाव हळूबाई ठेवलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं. "ठेवू दे की," त्या मला म्हणाल्या, "नाव ठेवतात म्हणजे ध्यानात तरी ठेवतात."

बाई अक्कलकोटकडच्या. घरी कन्नड, शाळेत मराठी, आणि आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात असल्यामुळे निम्म्या मुलांचं तेलुगूही त्यांना कळायचं. शाळेच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग. त्यांची खडखड दिवसभर खिडकीतून आत यायची आणि मुलं तिच्यातच बसून वाचायची. मी शाळेत मराठी शिकवते. आई गेल्यापासून मला कशाचंच फारसं काही वाटेनासं झालं होतं. हसू येत नव्हतं, रडूही येत नव्हतं. तास नसला की मी त्या खोलीत जाऊन बसायची. बाईंनी कधी विचारपूस केली नाही. खिडकीजवळची एक खुर्ची मात्र मी पहिल्यांदा आले त्या दिवसापासून माझ्यासाठी रिकामी असायची.

पुस्तक परत आणणाऱ्या मुलाला "काय शिकलास" असं त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांचा एकच प्रश्न असायचा, "कुठवर आलास?" मग मूल पुस्तक उभं धरून बोटांच्या चिमटीत वाचलेला भाग दाखवायचं. कधी ती चिमूट फार बारीक असायची. "असू दे," बाई म्हणायच्या, "पुस्तक काय पळून जातंय?"

एका देणगीदारानं शाळेला टॅब दिले तेव्हा सरांनी आधी बाईंनाच बोलावलं. दुसरी खोली मोकळी नव्हती. वाचनालयाच्या खोलीत टॅब ठेवायचे, कपाटं काढायची, मुलांना गोष्टी टॅबवरच वाचायला मिळतील, शनिवारी-रविवारी टॅब घरीही नेता येतील, असं सरांच्या मनात होतं. सर माणूस म्हणून वाईट नव्हते. ते म्हणाले, "बाई, तुमचं मत सांगा. तुम्ही नको म्हणालात तर मी समितीपुढं तसं मांडीन."

बाई म्हणाल्या, "माझं कशाला? वाचणार पोरं. त्यांना थोडे दिवस दोन्ही देऊन बघू. मग सांगते."

त्यांनी तसंच केलं. एका बाजूला टॅब मांडले, दुसऱ्या बाजूला कपाटं तशीच ठेवली. आम्हा शिक्षकांची खात्री होती की पोरं टॅबवर तुटून पडतील. पहिल्या आठवड्यात पडलीही. नंतर मात्र ती पांगली. काही परत कपाटांकडे आली, काही टॅबपाशीच राहिली, काही दोन्हीकडे हिंडत राहिली.

मग एका दुपारी बाईंनी सातवीच्या मुलांना जमिनीवर गोल बसवलं आणि विचारलं. मी माझ्या खुर्चीवर होते.

व्यंकटेश नावाचा मुलगा आधी बोलला. त्याचे वडील मागावर होते. पाचवीपासून त्यानं एकही पुस्तक पुरं केलं नव्हतं. तो म्हणाला, "बाई, मला टॅबच बरा वाटतो. जाड पुस्तक बघितलं की मला भ्या वाटतं. टॅबमधी किती राह्यलंय ते दिसतच नाय. मग मी वाचत जातो."

"आणि अडलं तर?"

"शब्दावर बोट ठेवलं की तो बोलतो. कोण हसत नाय."

बाईंनी मान हलवली. त्याच्या पलीकडे सानिया बसली होती. ती सहसा बोलत नसे. बाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"मला पुस्तक पाहिजे," ती म्हणाली.

"का गं?"

"टॅब घरी नेला की भाई घेतो. गेम खेळतो. अब्बा आले की ते बातम्या बघतात. मला देतच नाहीत. पुस्तक कुणीच घेत नाही. ते माझ्याकडंच राहतं."

कुणी हसलं नाही. मागच्या गल्लीतली वीज तेवढ्यात गेली असावी, कारण मागांची खडखड बंद पडली. बाईंनी पोरांना वर्गात जायला सांगितलं.

त्याच संध्याकाळी त्या सरांना भेटल्या. मी बरोबर होते. मला वाटलं होतं, आता बाई सानियाचं सांगतील आणि खोली वाचेल. त्यांनी सानियाचं सांगितलं. पण आधी व्यंकटेशचं सांगितलं. तो पोरगा पहिल्यांदा गोष्टीच्या शेवटापर्यंत गेलाय, म्हणाल्या, टॅब पाहिजेतच. सरांनी विचारलं, मग कपाटं काढायची ना? बाई म्हणाल्या, "काढा. पण पुस्तकं अडगळीत टाकू नका, वाळवी खाईल. ज्यांना पाहिजेत त्या पोरांना घरी नेऊ द्या. कायमची."

सर तयार झाले. बाहेर आल्यावर मी म्हणाले, "बाई, तुम्ही भांडला का नाहीत? सर ऐकत होते."

"कुणासाठी भांडू, मंजू? व्यंकटेशसाठी भांडू का सानियासाठी?"

मुलांनी पुस्तकं नेली. कुणी दप्तरात, कुणी ओढणीत बांधून. सानियानं चार-पाच खेपा केल्या. रिकामी कपाटं दुसऱ्या दिवशी भंगारवाला नेणार होता, तरी बाई ओला फडका घेऊन ती आतून पुसत होत्या. मी दारात उभी होते. "पाणी काळं झालंय, बदलून आण," त्या म्हणाल्या. मी बादली भरून आणली. त्या पुढच्या कपाटाकडे वळल्या. त्यांचे डोळे कोरडे होते, पण माझ्याकडे पाठ करून त्यांनी तीच फळी तीनदा पुसली.

त्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. मार्चमध्ये मी त्यांच्या घरी गेले तर त्या टॅबवर वाचत बसल्या होत्या. मुलीनं पाठवला होता. अक्षरं एवढी मोठी केली होती की पडद्यावर जेमतेम तीन ओळी मावत होत्या. "मोतीबिंदू पिकलाय," त्या म्हणाल्या. "व्यंकटेश खरं सांगत होता बघ. भ्या वाटत नाही." मग मला शेंगाचटणी आणि कडक भाकरी वाढली, आणि मी नीट जेवते की नाही ते बघत समोर बसून राहिल्या.

मे महिन्यात त्या गेल्या. पहाटे झोपेतच. त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना बसवून नेलं, कपाळभर विभूती लावलेली. पोरं आली होती. व्यंकटेश हमसून हमसून रडत होता, त्याच्या काकानं त्याला धरलं होतं. सानिया तिच्या अम्मीचा हात धरून उभी होती. मी सगळं बघत होते. जमिनीची धग पायांतून वर चढत होती. मला वाटलं, आता तरी काहीतरी होईल. काही झालं नाही. मी घरी आले, अंघोळ केली, कुकर लावला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि ती खोली माझ्याकडे आली. टॅब चार्ज करायचे, मुलांना द्यायचे, परत घ्यायचे. मुलं वाचतात. तक्रार करावी असं काही नाही.

मध्यंतरी बाजारात सानियाची अम्मी भेटली. कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली, "मॅडम, घर को आओ ना कभी. छोरीने लायब्ररी खोली है बोलती. गल्ली के बच्चे दिनभर आते. मेरेको पकाने को जगा नहीं."

मी गेले. का गेले ते सांगता येणार नाही. एकच खोली, एका भिंतीला पत्र्याच्या ट्रंका, आणि त्यांच्यावर पुस्तकं रचलेली. सानिया खाली बसली होती. मला बघून ती उठली नाही. समोरच्या लहान पोराचं पुस्तक बघून होईपर्यंत तिनं मला थांबवलं. मग विचारलं, "मॅडम, कोणतं पाहिजे?"

मला सुचेना. कित्येक महिन्यांत मी स्वतःसाठी काही वाचलं नव्हतं. तिनं स्वतःच एक पातळसं काढून माझ्या हातात दिलं. "शनिवारी परत द्या," ती म्हणाली. "दुसऱ्यालाही पाहिजे आहे ते."

ते मी वाचलं. काय वाचलं ते नीट आठवत नाही. शनिवारी परत द्यायला गेले तर दारात माझ्याआधी दोन पोरं उभी होती. मी त्यांच्या मागं उभी राहिले.