तवंगाची वाटी

कोल्हापूर सोडलं त्या सकाळी गाडी दारात उभी होती आणि मी स्वयंपाकघरात एक पोचा पडलेली स्टीलची वाटी साडीच्या घडीत लपवत होते. यांना जाऊन नुकतंच वर्ष झालं होतं. लेक मला टोरोंटोला न्यायला आली होती. धाकटा भाऊ शिवा नेसरीहून पहाटेच निघून आलेला, हातात तुपाचा डबा. "आक्का, तिकडचं तूप म्हंजे नुसतं पिवळं पानी असतंय. ने की." बॅगेचं वजन आधीच जास्त झालेलं, लेकीनं डबा परत दिला. वाटी तिला सापडली नाही. सापडली असती तर म्हणाली असती, आईचं डोकं फिरलं.

त्या वाटीची गोष्ट तोवर मी कुणालाच सांगितली नव्हती.

माझी आई म्हणायची, "रश्श्यावर तवंग नसला की पावण्याला वाटतंय, ह्या घरात सुतक हाय." म्हणून माझ्या रविवारच्या मटणावर असा लाल तवंग असायचा की त्यात बघून कुंकू लावावं. माझे हे शिरोलीच्या फौंड्रीत, लोखंड ओतायच्या भट्टीवर कामाला. भट्टीपुढं उभं राहणाऱ्या माणसाला चरबी पचते, असा माझा शोध होता. शिक्षण सातवी, पण शोध लावण्यात मी मागे नव्हते.

मग यांच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी तेल, तूप, चरबी बंद सांगितली. मी आज्ञाधारक. डावानं सगळा तवंग काढून वाटीत घेतला आणि यांच्यापुढं कोरडा रस्सा ठेवला. पण तो तवंग, घरचा मसाला आणि बोकडाची चरबी उतरलेला, फेकायचा कसा? सोमवारी त्याचीच घेवड्याला फोडणी दिली. मंगळवारी वांग्याला. तीन वर्षं असं चाललं. डॉक्टरांना ठसक्यात सांगितलं, "थेंब पोटात जाऊ देत न्हाई, सायेब." त्यांनी शाबासकी दिली. मी कुस्तीत चांदीची गदा जिंकल्यासारखी घरी आले. हे म्हणायचे, "मटण बेचव झालंय, पण भाजी हल्ली लई भारी करतीस."

एका मंगळवारी डबा खाऊन हे भट्टीकडं गेले आणि तिथंच कोसळले. घरी डबा आला. चाटूनपुसून खाल्लेला.

इथं टोरोंटोत माझी नात मुक्ता रक्तवाहिन्यांवरच काम करते. एकदा तिनं लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावायला दिला. मला वाटायचं, चरबी नळात मेण साचावं तशी आपोआप चिकटते. मुक्ता म्हणाली, "नाही आज्जी. वाहिनीला आतून पेशींचं एकाच थराचं अस्तर असतं. जेवणातल्या चरबीचे थेंब रक्तातून आले की त्या पेशी ते स्वतः आत घेतात. थोडे साठवून ठेवतात, थोडे पलीकडे भिंतीत देतात. कोलेस्टेरॉलही त्यांच्या हातूनच आत जातं. त्यासाठी भगदाड पडावं लागत नाही."

काचेखाली त्या पेशी थेंब पोटाशी धरून बसल्या होत्या. दारातून आलेलं काहीच वाया जाऊ द्यायचं नाही, वाटीत ठेवायचं, मग घरात मुरवायचं. मी त्यांना लगेच ओळखलं.

परतताना मी मुक्ताला वाटीचं सांगितलं आणि विचारलं, "मी मारलं का ग त्यांना?" तिनं हातमोजे काढले, खिशात घातले. "एकट्या वाटीनं नाही आज्जी. पण वाटीनं वाचवलंही नाही." खोटं बोलली असती तर बरं वाटलं असतं.

मागच्या आठवड्यात शिवाला दोन स्टेंट घातले. व्हिडिओ कॉलवर बायकोकडं बोट करून हसत होता. "आक्का, सुनंदा आता सगळा तवंग काढती. वाया काय जात न्हाय बघ, आमटीला चालतंय." मागं गॅसजवळ वाटी दिसत होती, काठोकाठ लाल. मी नुसतं "बरं हाय" म्हटलं आणि फोन ठेवला.

म्हणून हे लिहितेय. सुनंदा, वाचून झालं की ती वाटी उचल आणि उकिरड्यावर ओत. नंतर शिवाला मोठ्यानं हे सगळं वाचून दाखव, त्याचे दाजी कसे गेले तेही धरून. मला हसला तरी चालेल.

माझी वाटी इथं खिडकीत असते, रिकामी. रविवारी मुक्ता कोरडा रस्सा वाढते. आईनं बघितलं असतं तर दारातूनच विचारलं असतं, कोण गेलं म्हणून. गेले आहेतच. पण ताटावर बसलेलं माणूस पुढच्या रविवारीही बसेल, एवढंच आता मी घराकडून मागते, इथल्याही आणि नेसरीच्याही.