कांग्यावरची ओळ मी कापली

मैत्रिणींनो, आज दुपारी माझ्याच दुकानात मला तोंड लपवावंसं वाटलं.

खांदा कॉलनीतलं माझं शिवणाचं दुकान तुम्हाला माहीतच आहे. गेल्या आठवड्यात नीमा आली होती. टांझानियाची, इथे नर्सिंग शिकते. लालभडक छापील कापड पुढे करून म्हणाली, "ताई, याचा कुर्ता शिवा." खालच्या काठालगत इंग्रजी अक्षरांत काहीतरी छापलेलं होतं. आपल्याकडे कापडाच्या कडेला गिरणीचं नाव असतं, ते आपण कापूनच टाकतो. मी कापलं. वर त्याच पट्टीने तयार कुर्ता बांधून ठेवला.

आज तिने गाठ सोडली, पट्टी हाताने सरळ केली आणि स्टुलावर बसून मला सांगू लागली.

त्या कापडाला कांगा म्हणतात. तिकडच्या बायकांना जे तोंडाने बोलता येत नाही, ते त्या कांग्यावरच्या ओळीतून बोलतात. विमानतळावर नीमाची आई एक शब्द बोलली नव्हती, फक्त हा कांगा तिच्या हातात दिला होता.

"आणि ताई, असे कांगे कित्येक वर्षं तुमच्याच देशात छापून आमच्याकडे येतात. तुम्हालाच माहीत नाही?"

नव्हतं माहीत. विचारावंसंही वाटलं नाही.

माझ्या आईच्या पैठणीचा पदर कापणाऱ्या बुटीकवालीला मी याच ग्रुपवर झोडपलं होतं. तुम्ही भरभरून हार्ट दिले होते.

आज मला काय द्याल?