वीस पावलं खाली

पाण्याबद्दल काहीही विचारा, हवालदार आधी म्हणायचे, "आदी चपला काढा." मग स्वतः अनवाणी कृष्णेत उतरून डोळे मिटून उभे राहायचे. फौजेतून येऊन तीस वर्षं झाली होती, तरी उभं राहणं सावधानचंच. त्यांच्या चपला कायम नव्याकोऱ्या, कारण त्या पायात कमी आणि हातात जास्त. कुठल्या वाळूखाली झरा आहे हे त्यांच्या पायाला कळतं, अशी पलूसकडच्या त्या गावाची खात्री होती. तुमच्याही गावात असा एखादा जाणकार असेलच.

मी कडेगावची, पण काम कोकण किनाऱ्यावर. जमिनीखालचं गोडं पाणी समुद्रात कुठे झिरपतं, ते ड्रोनला उष्णता टिपणारा कॅमेरा लावून शोधायचं. थंडीत पहाटे वरचं पाणी गारठतं आणि जमिनीखालून येणारं कोमट पाणी पडद्यावर पांढरं उमटतं. नदीलाही तोच न्याय.

गावाला पिण्याच्या पाण्याची विहीर काठावर खणायची होती, आणि ती एकदाच होणार होती. नदीचं पाणी पिऊन दर उन्हाळ्यात पोरं आजारी पडायची. हवालदारांनी उंबराखालची जागा सांगूनही टाकली होती. सरपंचबाईंनी मला बोलावलं ते आपलं खात्रीपुरतं.

पहिल्याच सकाळी उंबरापासून बरंच लांब लख्ख पांढरा पट्टा दिसला. मी उड्याच मारल्या. चुन्याची फक्की मारायला माणूससुद्धा निघाला. हवालदारांनी मात्र पाण्यात पाय घातला नाही. काठ चढून गेले आणि वरूनच ओरडले, "आवं म्याडम, वरच्या उसातली मोटर चालू ऱ्हायलीया! बोअरचं पानी सरीतनं नदीत चाललंय!"

बोअरचं पाणीही जमिनीखालचंच, कॅमेऱ्याला काय कळणार? सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले होते.

परतताना त्यांनी मला उंबराखाली थांबवलं. "गावात बोलू नगा. शुगरनं पाय मेल्यात. दोन वर्सं झाली, गार कळत न्हाई, ऊन कळत न्हाई. हितं झरा व्हता, पन त्यो माज्या ल्हानपनी. मदी किती पूर येऊन गेलं. आन् गाव माज्या पायाच्या भरवशावर हिर खनतंय."

"मग अजून चपला कशाला काढता, आबा?"

"लोकं बघत्यात की."

मला त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी काठावरच्या सगळ्या मोटरी बंद ठेवायला लावल्या आणि उजाडता उजाडता ड्रोन उडवला. हवालदार माझ्या खांद्यावरून पडद्यात बघत होते. उंबराखालचं पाणी काळंच दिसलं. तिथून वीस पावलं खाली मात्र काठातून एक पांढरी जीभ बाहेर आली होती.

"मोटर?" त्यांनी हळूच विचारलं.

मी पळत जाऊन काठ बघितला. सगळं कोरडं. पाण्यात हात घातला, तर कोमट. "झराच आहे, आबा!"

"म्हंजी म्या चुकलो."

"वीस पावलं."

"खनायच्या आदी चुकलो न्हवं? लय बरं झालं, पोरी!"

म्याडमची पोरी झाले ती तेव्हा. ते मटकन वाळूत बसले आणि पोट धरून हसले. मग उठून सगळ्यांदेखत म्हणाले, "माज्या पायाला आता काय कळत न्हाई. हिचं यंत्र खरं हाय." फक्की त्यांनी आपल्या हातानं मारली. पोरं त्यांच्याभोवती नाचली.

विहिरीला पाणी लागलं. पहिला तांब्या गावानं त्यांनाच दिला. अनवाणी फिरू नका, असं डॉक्टर कधीपासून सांगत होते. ते त्यांनी त्या दिवसापासून ऐकलं म्हणे.

गेल्या पावसाळ्यात हवालदार गेले. मी त्यांच्या घरच्यांना भेटायला गेले, तेव्हा दाराशी त्यांच्या चपला अजून होत्या. टाचेला पार झिजलेल्या. बघून मला फार बरं वाटलं.